एकाच रेणूत पॅलेडियमला एक बेसिस सेट, बाकीच्या अणूंना दुसरा: इनपुट कसं द्यायचं, चुकलंय हे कसं ओळखायचं?

लिगँड_बदल (धागाकर्ता)

रेणू असा आहे: मध्ये पॅलेडियम, ट्रान्स मांडणीत दोन क्लोराइड आणि दोन ट्रायमेथिलफॉस्फीन. एकूण २९ अणू: १ पॅलेडियम, २ क्लोरीन, २ फॉस्फरस, ६ कार्बन, १८ हायड्रोजन. भार शून्य, सिंगलेट. प्रोग्राम गॉसियन, पद्धत बी३एलवायपी.

पॅलेडियमवर लॅनएल२डीझेड आणि बाकी सगळ्यांवर ६-३१जी(डी) हे बेसिस सेट (कक्षक बांधायला वापरायचे फंक्शनचे संच) हवेत. दोन इनपुट करून पाहिली.

पहिल्यात रूट ओळीत (पद्धत आणि काम सांगणारी वरची ओळ) 'जेन' दिलं आणि खाली बेसिसचे गट लिहिले. काम सुरू होतं, पण एससीएफ (ऊर्जा स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा होणारं गणित) जुळत नाही. आउटपुटमध्ये ८२ अल्फा आणि ८२ बीटा इलेक्ट्रॉन दिसतात.

दुसऱ्यात 'जेनईसीपी' केलं. ते सुरू होताच थांबतं. संदेश येतो, 'वॉन्टेड ॲन इंटिजर ॲज इनपुट, फाउंड अ स्ट्रिंग ॲज इनपुट'. रूट ओळीत गॉसव्ह्यूने घातलेलं 'जॉम=कनेक्टिव्हिटी' तसंच आहे.

कुठे चुकतंय? आणि पुढे हेच ऑर्का या दुसऱ्या प्रोग्राममध्ये करायचं झालं तर काय बदलेल?

---

रिकामी_ओळ

तुमच्या दोन चुका वेगवेगळ्या आहेत. पहिली जास्त घातक, कारण तिथे प्रोग्राम तक्रार करत नाही.

आधी ८२ चं. पॅलेडियमचे ४६, क्लोरीनचे ३४, फॉस्फरसचे ३०, कार्बनचे ३६, हायड्रोजनचे १८, बेरीज १६४. अर्धे केले की ८२. म्हणजे पॅलेडियमचे सगळेच्या सगळे ४६ इलेक्ट्रॉन हिशेबात आलेत. लॅनएल२डीझेड पॅलेडियमच्या आतल्या २८ इलेक्ट्रॉनांच्या जागी ईसीपी (गाभ्याचा परिणाम दाखवणारं तयार विभव) गृहीत धरतो आणि उरलेल्या १८ साठीच फंक्शन देतो. नुसतं 'जेन' लिहिलं की फक्त बेसिस वाचला जातो, ईसीपी आपोआप लागत नाही. मग ४६ इलेक्ट्रॉन १८ साठी शिवलेल्या अंगरख्यात कोंबले जातात. गाभ्याच्या कक्षकांना लागणारी मोठ्या घातांकाची गॉसियन फंक्शन त्या संचात नाहीतच. एससीएफ जुळलं असतं तरी त्या ऊर्जेला काही अर्थ नसता.

बरोबर आकडा: १६४ उणे २८ म्हणजे १३६, अर्थात ६८ अल्फा आणि ६८ बीटा.

दुसरी चूक क्रमाची. रूटमध्ये 'जॉम=कनेक्टिव्हिटी' असलं की सहनिर्देशकांनंतरची रिकामी ओळ संपताच गॉसियन बंधांची यादी वाचायला लागतो. ती यादी म्हणजे नुसते आकडे. तुम्ही ती काढून टाकली असेल, तर तिच्या जागी तुमचा 'पीडी ०' येतो, आणि आकडा हवा तिथे अक्षर आलं म्हणून काम थांबतं. रूटमधून तो शब्द काढा किंवा यादी परत घाला.

सहनिर्देशकांनंतरचा क्रम असा: कनेक्टिव्हिटी असेल तर ती, मग मॉडरिडंडंटच्या (भूमितीवर बंधनं घालणाऱ्या) ओळी असतील तर त्या, मग बेसिस, मग ईसीपी. प्रत्येक विभागानंतर एक रिकामी ओळ. द्रावक मॉडेलचे जास्तीचे आकडे वाचायला सांगितले असतील तर ते बेसिस-ईसीपीच्या नंतर.

कीवर्ड इथे वाचण्यासाठी देवनागरीत देतोय, फाइलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टायपायचे:

पीडी ०
लॅनएल२डीझेड
\*\*\*\*
सी एच पी सीएल ०
६-३१जी(डी)
\*\*\*\*
– रिकामी ओळ –
पीडी ०
लॅनएल२डीझेड
– रिकामी ओळ –

अणूंच्या यादीच्या शेवटचं शून्य 'यादी संपली' असं सांगतं. चार तारे प्रत्येक गटानंतर हवेत, शेवटच्या गटानंतरही. दोन गटांच्या मध्ये रिकामी ओळ चालत नाही, कारण रिकामी ओळ म्हणजे अख्खा बेसिस विभाग संपला. ईसीपीच्या भागात मात्र तारे नाहीत. आणि फाइलच्या अगदी शेवटी रिकामी ओळ ठेवाच. ती नसल्यामुळे अडलेली कामं मोजायला बसलो तर दिवस जाईल.

रेणूत नसलेल्या मूलद्रव्याचं नाव यादीत आलं तर गॉसियन थांबतो. एकच बेसिस-तुकडा अनेक रेणूंना वापरायचा असेल तर चिन्हाआधी उणे लावा, 'उणे पीडी ०' असं. मग ते मूलद्रव्य नसलं तरी तक्रार होत नाही.

---

पाच_डी

वरचं इनपुट बरोबर आहे. पण त्यात एक सापळा उरतो आणि तो इलेक्ट्रॉन मोजून सापडत नाही.

गॉसियनमध्ये रूट ओळीत थेट ६-३१जी(डी) लिहिलं की डी फंक्शन कार्टेशियन, म्हणजे सहा धरली जातात. तेच ६-३१जी(डी) 'जेन' मधून दिलं की शुद्ध, म्हणजे पाच. नाव तेच, बेसिस वेगळा.

तुमच्या रेणूवर मोजू. पाच डी धरून: पॅलेडियमवर लॅनएल२डीझेडचे ३एस ३पी २डी, म्हणजे ३ + ९ + १० = २२. क्लोरीन आणि फॉस्फरस प्रत्येकी १८, चार अणूंचे ७२. कार्बन १४ प्रमाणे ८४. हायड्रोजन २ प्रमाणे ३६. एकूण २१४. सहा डी धरले तर डी फंक्शनच्या प्रत्येक संचामागे एक वाढतं: पॅलेडियमचे २, क्लोरीन-फॉस्फरसचे ४, कार्बनचे ६. म्हणजे २२६.

आउटपुटमध्ये 'बेसिस फंक्शन्स'च्या ओळीत दोन्ही आकडे शेजारी दिसतात: सुरुवातीला २१४ आणि शेवटी कार्टेशियन फंक्शन म्हणून २२६. पहिला आकडा प्रत्यक्ष वापरलेला.

हे कुठे बाधतं? फॉस्फीन सुटण्याची ऊर्जा काढताना. संकुल 'जेनईसीपी'ने केलं, त्यात पाच डी. सुटा ट्रायमेथिलफॉस्फीन फक्त हलक्या अणूंचा, म्हणून रूटमध्येच ६-३१जी(डी) लिहून केला, त्यात सहा डी. आता वजाबाकीच्या दोन बाजूंना दोन वेगळे बेसिस आले. चूक दिसत नाही, कारण दोन्ही कामं सुरळीत संपतात.

उपाय एका शब्दाचा: सगळ्या इनपुटांच्या रूटमध्ये '५डी ७एफ' स्पष्ट लिहा. जुन्या पेपरशी आकडे जुळवायचे असतील आणि त्यांनी सहा वापरले असतील तर सगळीकडे '६डी १०एफ'. मधलं काही नको.

---

लिगँड_बदल

धन्यवाद. दोन्ही दुरुस्त केलं. आता ६८ अल्फा, २१४ फंक्शन, एससीएफ जुळलं. एकूण ऊर्जा उणे १९७० हार्ट्रीच्या आसपास. हे पटण्यासारखं आहे का?

आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळ्याच अणूंना लॅनएल२डीझेड दिलं तर?

---

रिकामी_ओळ

ऊर्जेचा अंदाज जुळतो. २८ चा गाभा काढलेला पॅलेडियम उणे १२७ च्या जवळ, क्लोरीन प्रत्येकी उणे ४६० च्या जवळ, ट्रायमेथिलफॉस्फीन प्रत्येकी उणे ४६१ च्या जवळ. बेरीज करून पाहा. सगळे इलेक्ट्रॉन धरलेला पॅलेडियम एकटाच उणे ४९०० च्या पलीकडे जातो. त्यामुळे ईसीपी लागला की नाही, हे एकूण ऊर्जेवरूनही कळतं.

---

गाभा_२८

सगळ्यांना लॅनएल२डीझेड देऊ नका. रूटमध्ये एकच नाव लिहिल्याने इनपुट सोपं होतं, म्हणून हे खूप ठिकाणी झालेलं दिसतं. पण त्याने काय होतं ते पाहा.

गॉसियनमध्ये लॅनएल२डीझेड हे एकसंध नाव नाही. हायड्रोजन आणि कार्बनच्या ओळीला ते डी९५व्ही देतं, त्यात ध्रुवीकरणाची फंक्शन नाहीत. सोडियमपासून पुढे लॉस ॲलामोसचा ईसीपी लावतं. म्हणजे तुमच्या फॉस्फरस आणि क्लोरीनचेही १०-१० इलेक्ट्रॉन ईसीपीत जातात आणि वर उरतो २एस २पी, एकूण ८ फंक्शन, डी एकही नाही. फॉस्फरसवर डी नसेल तर पॅलेडियम-फॉस्फरस बंधाची लांबी आणि फॉस्फीनचे कोन यांवर भरवसा ठेवता येत नाही. तुम्हाला जे मोजायचंय तेच बिघडतं.

अशा कामाची खूण: ४८ अल्फा इलेक्ट्रॉन आणि १४४ फंक्शन. हे आकडे दिसले तर समजा की बेसिस सगळ्यांना गेलाय.

मिश्रण करण्याचं मूळ कारणच हे आहे. ६-३१जी पॅलेडियमसाठी नाही, गॉसियनमध्ये तो क्रिप्टॉनपर्यंतच जातो. आणि लॅनएल२डीझेड हलक्या अणूंसाठी अपुरा. म्हणून प्रत्येकाला त्याचं.

लॅनएल२डीझेडच ठेवायचा असेल तर पॅलेडियमवर निदान एक एफ फंक्शन वाढवा, घातांक १.४७२. गॉसियनमध्ये पॅलेडियमच्या गटात बेसिसच्या नावाखाली, ताऱ्यांच्या आधी दोन ओळी: पहिली 'एफ १ १.०', दुसरी '१.४७२ १.०'. सात फंक्शन वाढतील, २२१ होतील.

माझं मत मात्र वेगळं आहे. हे ववॉल्ट-हेचे विभव १९८५ चे. नवीन कामाला डेफ२ कुटुंब घ्या, जे वाइगेंड आणि आल्रिख्स यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात क्रिप्टॉनपर्यंत सगळे इलेक्ट्रॉन, रुबिडियमपासून पुढे ईसीपी, आणि हलक्या-जड अणूंचा दर्जा एकमेकांशी बेतलेला. २९ अणूंच्या रेणूसाठी भूमिती सगळीकडे डेफ२-एसव्हीपीवर (लहान संच) आणि शेवटची ऊर्जा सगळीकडे डेफ२-टीझेडव्हीपीवर (मोठा संच) करा. मिश्रणच नको. गॉसियनमध्ये हे नाव थेट रूटमध्ये लिहिलं तर ईसीपी आपोआप लागतो. 'जेन' मधून दिलं तर पुन्हा वेगळा द्यावा लागतो, वर सांगितलं तसाच.

---

कॉसएक्स

@गाभा_२८ टंकनदोष: 'हे आणि वाड्ट' म्हणायचंय ना? बाकी सगळ्याला +१.

ऑर्काबद्दल. मुख्य ओळीत डेफ२-एसव्हीपी लिहा. मग टक्का-बेसिस विभागात 'न्यूजीटीओ पीडी', पुढे अवतरणात डेफ२-टीझेडव्हीपी, मग 'एंड'. शेवटी विभागाचा स्वतःचा 'एंड' वेगळा. दोनपैकी एक 'एंड' विसरणं ही इथली नेहमीची चूक. पॅलेडियमला डेफ२-ईसीपी आपोआप लागतो.

आता ज्यात इलेक्ट्रॉनांची मोजणीही फसते ते. मुख्य ओळीत डेफ२-एसव्हीपी, म्हणून ईसीपी डेफ२ चा. आणि न्यूजीटीओने फक्त पॅलेडियमचा बेसिस बदलून लॅनएल२डीझेड केला. दोन्ही ईसीपी २८ इलेक्ट्रॉनांचेच, त्यामुळे आकडा १३६ च येणार, ६८ आणि ६८ च दिसणार. पण बेसिस एका विभवासाठी बेतलेला आणि विभव दुसरंच. बेसिस बदलला की 'न्यूईसीपी'ने त्याच्या जोडीचा ईसीपीही स्वतः लिहा. आणि आउटपुटमध्ये ईसीपीचं नाव वाचा, नुसती संख्या नको.

गॉसियनशी आकडे पडताळताना तीन गोष्टी. एक, ऑर्का फक्त शुद्ध फंक्शन वापरतो, सहा डी तिथे नाहीत. म्हणून गॉसियनमध्ये ५डी ७एफ हवंच. दोन, दोघांचा बी३एलवायपी एक नाही: त्यातल्या सहसंबंधाच्या भागासाठी गॉसियन व्हीडब्ल्यूएन३ हे सूत्र वापरतो, ऑर्का व्हीडब्ल्यूएन५. ऑर्कात नावापुढे तिरकी रेघ आणि 'जी' लावा म्हणजे गॉसियनचा मिळेल. तीन, ऑर्का ५ पासून हायब्रिड फंक्शनलला (बी३एलवायपी त्यातलाच) आरआयजेकॉसएक्स, म्हणजे वेग वाढवणारं आरआय प्रकारचं अंदाजी गणित, आपोआप चालू असतं. पडताळणीपुरतं ते बंद करा.

आरआय चालू ठेवाल तेव्हा सहायक बेसिसही त्या अणूला शोभणारा हवा. डेफ२ चं मिश्रण असेल तर डेफ२/जे सगळ्यांना चालतो. कुटुंबाबाहेरचा बेसिस आणला तर 'ऑटोऑक्स' द्या.

आणि झोरा किंवा डीकेएच (सापेक्षतेचा परिणाम थेट गणितात घेणाऱ्या पद्धती) चालू असेल तर ईसीपी नको. ईसीपीत सापेक्षतेचा परिणाम आधीच मुरवलेला असतो. झोराला झोरा-डेफ२-टीझेडव्हीपी आणि पॅलेडियमसारख्या जड अणूंना सार्क संच, सोबत सार्क/जे.

---

गाभा_२८

हो, हे आणि वाड्ट. नाव घाईत चुकीचं उमटलं, मूळ प्रतिसाद आता बदलता येत नाही.

---

अजगर_रसायन

पायथनवाल्यांसाठी पायएससीएफ. बेसिसला शब्दकोश द्यायचा: 'पीडी' ला लॅनएल२डीझेड आणि 'डीफॉल्ट' ला ६-३१जी(डी). इथेही ईसीपी वेगळा द्यायचा असतो, 'ईसीपी' नावाच्या दुसऱ्या शब्दकोशात पुन्हा 'पीडी'. न दिल्यास धागाकर्त्याचं पहिलं इनपुट जसंच्या तसं पुन्हा घडतं. रेणू बांधून झाल्यावर गणित सुरू करण्याआधी एनइलेक्ट्रॉन आणि एनएओ छापा. १३६ आणि २१४ आले तरच पुढे जा. या दोन ओळींना क्षणही लागत नाही, चुकीच्या कामाला रात्र लागते.

एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या अणूंना वेगळे बेसिस द्यायचे तर नावाला अंक जोडा, सी१, सी२. मग शब्दकोशात सी१ ला वेगळा संच लिहिता येतो.

एनडब्ल्यूकेममध्ये बेसिसच्या ओळीत 'स्फेरिकल' लिहायला विसरू नका. तिथे मूळ सेटिंग कार्टेशियन आहे, म्हणजे २२६ येतील. पॅलेडियमची ओळ वेगळी, बाकीच्यांना तारा आणि 'एक्सेप्ट पीडी'. ईसीपीचा विभाग तिथेही स्वतंत्र.

साय-फोरमध्ये 'असाइन'च्या ओळींचा क्रम महत्त्वाचा. आधी सगळ्यांसाठीची, मग पॅलेडियमची. उलट लिहिलं तर सर्वसाधारण ओळ पॅलेडियमवरही फिरते.

---

अंतरक_शोधक

गॉसियनमध्ये ठरावीक कार्बनांनाच मोठा बेसिस द्यायचाय, जिथे बंध तुटतो तिथे. दूरच्या मेथिलांना लहान. मूलद्रव्याच्या चिन्हाऐवजी अणूचा रेणूतला क्रमांक देऊन होतं का? आणि करणं योग्य आहे का?

---

रिकामी_ओळ

होतं. यादीत रेणूतल्या अणूचा क्रम लिहा, '१ ४ ७ ०' असा. शेवटचं शून्य इथेही 'यादी संपली' याचंच, शून्यावा अणू नव्हे. गॉसियन एकपासून मोजतो, ऑर्का शून्यापासून. एकाच्या आउटपुटमधून क्रमांक उचलून दुसऱ्यात टाकलेत तर शेजारच्या अणूला बेसिस जाईल. एकदा क्रमांकांनी द्यायला लागलात की त्या मूलद्रव्याचे उरलेले अणूही क्रमांकांनीच द्या. तोच अणू दोन गटांत आला तर दोन्ही संच त्याच्यावर चढतात.

दुसरा धोका क्रम बदलण्याचा. एखाद्या चित्र-संपादकात एक हायड्रोजन काढून परत लावला तरी पुढचे क्रमांक सरकतात. 'जीएफइनपुट' रूटमध्ये घाला. प्रत्येक अणूवर प्रत्यक्ष कोणती फंक्शन बसली ती यादी आउटपुटमध्ये छापून येते, आणि ती 'जेन'च्याच स्वरूपात असते. ईसीपीच्या तक्त्यात ज्या अणूंवर विभव नाही तिथे तसं लिहून येतं. दोन्ही एकदा डोळ्यांखालून घाला.

---

पाच_डी

योग्य आहे का, याचं उत्तर: अभिकारक, अंतरक अवस्था (ट्रान्झिशन स्टेट) आणि उत्पाद, तिन्हींत तोच अणू तोच बेसिस घेऊन असेल तर. अभिकारकात एसव्हीपीवर असलेला कार्बन उत्पादात टीझेडव्हीपीवर गेला, तर ऊर्जेतला फरक रसायनाचा नसून बेसिसचा. दोन रेणूंची अभिक्रिया असेल तर सुट्या रेणूंमध्येही हीच वाटणी जशीच्या तशी न्यावी लागते. हायड्रोजनला हे विशेष लागू. धातूवरच्या हायड्राइडला पी फंक्शन हवंच, म्हणजे ६-३१जी(डी,पी). तोच हायड्रोजन आधी फॉस्फीनच्या मेथिलवर होता, तर तेव्हाही त्याला तेच.

क्लोराइड सुटा होणार असेल तर क्लोरीनवर विसरित (अणूपासून दूरवर पसरणारी) फंक्शन, ६-३१+जी(डी), आणि संकुलातल्या दोन्ही क्लोरीनवरही. एकाच क्लोरीनवर ठेवलं तर रेणूची सममितीही मोडते. सगळ्याच अणूंवर विसरित फंक्शन पेरू नका. दाटीच्या रेणूत ती एकमेकांवर चढून रेखीय परावलंबन येतं. गॉसियनच्या आउटपुटमध्ये एनबेसिस आणि एनबीएसयूज या आकड्यांत फरक दिसला तर काही फंक्शन गळली असं समजा. अभिक्रियेच्या दोन बाजूंना वेगवेगळी संख्या गळणं वाईट.

आणि बचत किती ते आधी मोजा. धागाकर्त्याच्या रेणूत कार्बन-हायड्रोजन डेफ२-टीझेडव्हीपीवर २९४ फंक्शन घेतात, डेफ२-एसव्हीपीवर १७४. वाचतात १२०. एवढ्यासाठी २९ अणूंत मिश्रणाची जोखीम घेऊ नये. दीडशे अणूंच्या संकुलात, बाहेर फिनिल आणि टर्शरी-ब्युटिलांचा पसारा असेल तिथे घ्यावी.

---

लिगँड_बदल

फरक नीट कळला. भूमिती डेफ२-एसव्हीपीवर घेतो, ऊर्जा टीझेडव्हीपीवर. 'जेनईसीपी'चं आधीचं काम जुन्या निकालांशी ताडायला ठेवतो.

त्याचंच शेवटचं: ऑप्टिमायझेशन संपलंय, आता कंपनसंख्या वेगळ्या कामात काढायच्या आहेत. बेसिस पुन्हा टायपायचा का?

---

रिकामी_ओळ

नको. चेकपॉइंट फाइल असेल तर रूटमध्ये बेसिसच्या जागी 'चेकबेसिस', सोबत 'जॉम=ऑलचेक' आणि 'गेस=रीड'. बेसिस आणि ईसीपी दोन्ही तिथून येतात. मग खाली बेसिसचा विभाग लिहायचा नाही. शीर्षक आणि भार-बहुगुणताही नाही, रूटनंतर फक्त रिकामी ओळ. मूळ चेकपॉइंटची प्रत काढून तिच्यावर चालवा, म्हणजे काम मध्येच तुटलं तरी मूळ शाबूत राहील.

'लिंक१' लावून एकाच फाइलमध्ये दुसरं काम जोडत असाल आणि तिथे पुन्हा 'जेनईसीपी'च लिहिलंत, तर दोन्ही विभाग त्या कामाखाली पुन्हा पूर्ण द्यावे लागतील. सुरू झाल्यावर ६८ आणि २१४ परत बघा.